मंडळाचा लोगो प्लाझ्मावर टाकण्याआधी

गणपती महिनाभरावर आले की फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये प्लाझ्मावर, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोताने पत्रा कापणाऱ्या मशीनवर, मंडळांच्या लोगोची कामं येऊ लागतात. कुणाला कमानीवर लावायचा असतो, कुणाला ढोलपथकाच्या गाडीवर. प्रत्यक्ष कापायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. फाइलला मात्र अख्खी संध्याकाळ द्यावी लागते, आणि ती द्यावीच. पुढे लिहिलंय ते ३ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्यावर, ४५ अँपिअरच्या टॉर्चने (झोत सोडणारं मशीनचं तोंड), ६०० मिमी व्यासाचा गोल लोगो कापायचा धरून. बाहेर रिंग, मध्ये गणपती आणि खाली ‘तरुण मंडळ’ अशी अक्षरं.

आधी मूळ फाइल मागा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबला गेलेला असतो, त्याच्या कडा फाटलेल्या असतात. ज्या फ्लेक्सवाल्याने मंडळाचा बोर्ड केला त्याच्याकडे कोरलची (कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रामची) फाइल बहुधा मिळते. ती तशीच घेऊ नका, अक्षरं कर्व्हमध्ये (फाँट न लागणाऱ्या नुसत्या रेषांमध्ये) बदलून द्यायला सांगा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये मजकूर असेल आणि तो फाँट तुमच्या मशीनवर नसेल, तर ‘मंडळ’च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात. फोटोच मिळाला तर ट्रेस करा (प्रोग्रामकडून त्याच्या कडांच्या रेषा काढून घ्या), पण ट्रेसिंगचं पहिलं फळ म्हणजे काम झालं असं धरू नका. सोंडेच्या एका वळणावर शेकडो नोड (रेष ज्यांवरून वळते ते बिंदू) येतात. तेवढे बारीक तुकडे कापताना मशीन अडखळतं, टॉर्च रेंगाळते आणि त्या जागी कड खाल्ली जाते. नोड कमी करा. जमलं तर ते वळण हाताने पुन्हा काढा, चार-पाच नोडमध्ये सोंड छान येते.

आकार आधी पक्का करा. टॉर्च जी फट पाडते, म्हणजे कर्फ, ती साधारण दीड मिलिमीटरची असते आणि लोगो लहान केला म्हणून ती लहान होत नाही. ६०० मिमीसाठी नीट केलेली फाइल ३०० वर आणून कापली तर बोटं एकमेकांना चिकटतात. लहान आकार हवा असेल तर बारकावे कमी करून वेगळी फाइल करायची.

मग धातू कुठला आणि पोकळी कुठली ते ठरवा. फ्लेक्सवर चार रंग चालतात, पत्र्यात दोनच असतात. जे राहणार ते काळं भरा, जे पडणार ते पांढरं ठेवा. प्रत्येक काळा भाग दुसऱ्या काळ्या भागाला कुठेतरी धरून आहे का, हे बोट फिरवून बघा.

देवनागरीचं इथे खूप भाग्य आहे, कारण शिरोरेषा अख्ख्या शब्दाला एकत्र धरून ठेवते. ‘ण’चा सुटा दंडसुद्धा तिलाच लटकलेला असतो. मी ती दोन्ही बाजूंनी लांबवून रिंगेला नेऊन भिडवतो, म्हणजे ‘तरुण’ आणि ‘मंडळ’ एकाच पट्टीवर उभे राहतात. पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा वेगळा असतो, एकावर एक किंचित चढलेला. पडद्यावर काळं भरलेलं असताना ते कळत नाही. फक्त रेषा दाखवणाऱ्या दृश्यात पाहिलं की प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा छेदणारी उभी रेष दिसते, आणि टॉर्च तीही इमानाने कापते. म्हणून कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं फाइलमध्येच ‘वेल्ड’ करा (मिसळून एकच आकार करा), हे विसरू नका. आणि ‘मं’वरचा अनुस्वार! तो कशालाच धरलेला नसतो. माझ्या एका कामात तो टेबलाखालच्या पाण्यात गेला आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री मला गजाचा तुकडा कापून तिथे वेल्डिंगचा टाका मारावा लागला. आता मी अनुस्वार खाली सरकवतो आणि चार मिमीच्या मानेने शिरोरेषेला जोडतो. चंद्रबिंदूचंही तसंच करा.

अक्षरं पोकळ हवी असतील, मागून दिवा लावायला, तर सगळं उलटं होतं. अनुस्वार साधं भोक होतो, पण ‘म’ आणि ‘ण’च्या पोटातला पत्रा आणि बहुतेक फाँटमध्ये ‘ळ’च्या वाटोळ्यातला पत्रा गळून पडतो. त्याला तीन-चार मिमीचे पूल द्यावे लागतात. पूल कुठे द्यायचा याला फार जपा. ‘म’च्या डाव्या डोक्यावर शिरोरेषा तोडली तर लांबून ‘भ’ वाचला जातो, आणि ‘घ’वर तोडली तर ‘ध’. ‘म’मध्ये मी आडवी रेघ दंडाला मिळते तिथे पूल ठेवतो.

आता टॉर्च शिरते का ते बघा. पोकळ्यांचे आकार निवडून पाऊण मिमी, म्हणजे फटीच्या निम्मं, आत कंटूर करा (कडेला समांतर रेष काढा). जो आकार नाहीसा झाला तिथे टॉर्चला जागा नाही. तो रुंद करा, किंवा सरळ एकेरी रेष करा आणि कर्फलाच रेघ काढू द्या. धोतराच्या निऱ्यांना ही युक्ती फार सुंदर दिसते. अशी रेष मोठ्या पोकळीतून सुरू करा, म्हणजे सुरुवातीला पत्रा भोसकताना (पिअर्सिंग) पडणारा फुगीर डाग दिसत नाही. मग धातूचे आकार दोन मिमी आत कंटूर करा. जिथे ते तुटतील तिथे पट्टी चार मिमीपेक्षा बारीक आहे, ती उष्णतेने वाकेल. गोल भोकं सहा मिमीखाली ठेवत नाही, डोळ्याच्या बाहुलीसारखी बारीक भोकं नंतर ड्रिलने मारतो. ही तपासणी झाली की केलेले कंटूर पुसून टाका. कर्फची भरपाई कॅममध्ये (टॉर्चची वाट ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये) होणारच असते, ती दोनदा झाली तर माप बिघडतं.

डीएक्सएफ (कॅमला द्यायची रेषांची फाइल) काढताना फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन ठेवा. कॅममध्ये तो २५४० दिसला तर इंच-मिमीचा घोळ आहे. उघडे कोपरे जोडा, एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा काढा.

कॅममध्ये लीड-इन (कापाच्या रेषेवर येण्याआधीची छोटी वाट) नेहमी भंगाराच्या बाजूने द्या. आतले आकार आधी, बाहेरची कड शेवटी. आतले घड्याळाच्या उलट आणि बाहेरची कड सुलट, कारण टॉर्चच्या चालीच्या उजव्या हाताची कड जास्त काटकोनी येते आणि ती आपल्या तुकड्याला मिळायला हवी. शेजारशेजारची भोकं ओळीने कापू नका. एक सोंडेपाशी, एक पायापाशी असं फिरत गेलं की पत्रा एका जागी तापत नाही. बारीक कोपऱ्यांवर वेग कमी होतो, फट रुंदावते, व्होल्टेज वाढतं आणि उंची राखणारी यंत्रणा टॉर्च खाली दाबते. त्या भागात ती बंद ठेवा.

सगळ्यात दाट नक्षीचा तळहाताएवढा भाग, बहुधा मुकुट, त्याच जाडीच्या भंगारावर कापून बघा आणि फट कॅलिपरने मोजून तो आकडा कॅममध्ये भरा. त्याच दिवशी पूर्ण आकाराची काळी-पांढरी प्रिंट काढून भिंतीला लावा, पंधरा फुटांवरून वाचा. मग ती मंडळाच्या माणसांकडे न्या. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लावा, तारखेसह सही घ्या, आणि मगच पत्रा टेबलावर चढवा.