कॅपाडोशियाची ‘ग्रीन टूर’ ठरवताना

तुर्कस्तानात कॅपाडोशियाला गेलात तर गरम हवेच्या बलूनमधल्या सफरीखेरीज एक दिवस ‘ग्रीन टूर’साठी ठेवाच. भूमिगत शहर, इहलारा दरी आणि बहुतेकदा सेलिमेचा खडकात कोरलेला मठ असं सगळं त्यात असतं. या जागा एकमेकींपासून लांब आहेत, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर गाइडबरोबर जाणंच सोयीचं.

बुकिंगआधी एक नक्की विचारा: भूमिगत शहर देरिनकुयु की कायमाक्ली? देरिनकुयु सुमारे ८५ मीटर खोल आहे. मजले जोडणारे काही जिने इतके अरुंद आणि बुटके, की वाकून एकामागोमाग एक जावं लागतं. मध्येच मागे फिरणं अवघड. बंद जागेची भीती, दमा किंवा गुडघेदुखी असेल तर गाइडला आधीच सांगा आणि वरच्या मजल्यांवरच थांबा. पाठीवरची सॅक गाडीत ठेवा. आत उन्हाळ्यातही गारवा असतो, पातळ जॅकेट हवंच. हवेसाठी खोदलेले उभे झरोके आणि वाट आतून बंद करणारी, जात्याच्या तळीसारखी दगडी चाकं मात्र निवांत बघा. शत्रू चालून आला की माणसं गुराढोरांसह इथे उतरत, हे ती पाहिल्यावरच पटतं.

इहलाराच्या मुख्य प्रवेशद्वारातून दरीत उतरायला जवळपास ४०० पायऱ्या आहेत. पुढे मेलेंदिझ नदीकाठची वाट सोपी आणि सावलीची. बऱ्याच टूर बेलिसिर्मा गावात जेवायला थांबतात. शाकाहारी असाल तर सकाळी गाडीत बसतानाच सांगून ठेवा. पेयांचे पैसे बहुधा वेगळे पडतात.