केक ओव्हनमध्ये, सुया हातात: मुंबईच्या हवेतलं विणकाम आणि बेकिंग

बेकिंगमध्ये निम्मा वेळ नुसता थांबण्यात जातो. रवा भिजायला अर्धा तास, केक भाजायला चाळीस मिनिटं, गार व्हायला तासभर. या वेळात हातात सुया असल्या की सारखं ओव्हनचं दार उघडून बघायचा मोह टळतो, आणि केक मधोमध बसतो तो बऱ्याचदा त्या दारापायीच. अडचण एवढीच, की दोन्ही छंदांच्या कितीतरी कृती थंड प्रदेशांत लिहिलेल्या असतात. तिथलं ‘रूम टेंपरेचरचं बटर’ म्हणजे १८-२० अंशांचं. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात ३२-३३ अंश सहज असतात. कृतीत थोडे फेरफार केल्याशिवाय इथे निभावत नाही.

पहिल्याच फटक्यात स्वेटर विणायला घेऊ नका. मुंबईत तो घालायचे दिवस बोटांवर मोजण्याइतके, आणि अर्धवट स्वेटर कपाटात पडून राहिला की छंदच सुटतो. त्यापेक्षा केकचं गरम भांडं धरायला उपयोगी पडेल असा जाड चौकोन विणा. त्यासाठी दोरा सुतीच हवा. अ‍ॅक्रिलिकची लोकर उष्णतेने वितळते, तिचा पॅड हाताला चिकटून भाजू शकतं. मध्यम जाडीचा सुती दोरा साधारण १०० ग्रॅम आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घ्या. आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा. दोन गुंडे घेणार असाल तर लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा, नाहीतर रंगात फरक दिसतो.

दोऱ्याचं सुमारे ९० सेंटिमीटर टोक सोडून सुईवर ३६ टाके, म्हणजे दोऱ्याचे फास, घाला. मग सगळ्या ओळी सुलट: डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात उजवी सुई पुढून मागे घालायची, तिच्याभोवती दोऱ्याचा एक वेढा द्यायचा, तो वेढा टाक्यातून पुढे ओढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडायचा. अशा ७२ ओळी झाल्या की साधारण १८ सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो, कारण या विणीत दोन ओळींची उंची जवळजवळ एका टाक्याच्या रुंदीएवढी असते. टाके बंद करताना हात सैल ठेवा. असे दोन चौकोन एकमेकांवर ठेवून चारी बाजूंनी शिवले की पुरेसा जाड पॅड होतो. तो ओला असताना गरम भांडं कधीही धरू नका. पाण्यातून उष्णता लगेच हाताला पोचते आणि चांगलाच चटका बसतो.

नवशिक्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते कडेला. ३६ टाके घातलेले असतात, दहाव्या ओळीला मोजले तर ४० भरतात आणि चौकोनाचा पंखा होतो. कारण साधं आहे. ओळ संपवून काम फिरवलं की दोरा सुईच्या वरून मागे टाकला जातो. त्याने पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. आपण दोन्ही विणतो. म्हणून ओळ सुरू करताना दोरा सुईच्या खाली ओढून मगच मागे न्यायचा. टाके दर चार ओळींनी मोजा. चूक चार ओळींत सापडली तर दहा मिनिटांत उसवून होते.

मधेच भोक दिसलं, तर दोरा चुकून सुईच्या पुढे राहिला आणि पुढचा टाका विणताना सुईवरून गेला, असं समजा. टाका सुटला तर घाबरून ओढाओढ करू नका, आधी तो सेफ्टी पिनमध्ये अडकवा. सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या दोऱ्यांची शिडी दिसते. मग क्रोशाच्या सुईने त्या शिडीची एकेक पायरी टाक्यातून वर आणायची. या विणीत एक पायरी पुढून आणि एक मागून ओढावी लागते, नाहीतर तेवढ्या पट्टीतली वीण वेगळी दिसते. दर दहा ओळींनी बोथट सुईने वेगळ्या रंगाचा धागा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवला, तर उसवताना काम तिथपर्यंतच सुटतं. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी असं आमचं ठाम मत आहे.

घामेजल्या बोटांनी टाके घट्ट होतात आणि सुईवर सरकेनासे होतात. हात धुऊन पंख्याखाली बसा. तरीही अडत असेल तर बांबूच्या सुया सोडून धातूच्या घ्या. लोकलमध्ये विणायचं असेल तर लांब सुया नकोत, शेजारच्याला टोचतात. मधे वायर असलेली गोल सुई घ्या, आणि तीसुद्धा गर्दी नसताना काढा.

आता बेकिंग. केकचे साचे, बटर पेपर, मोजमापाचे चमचे हे सगळं क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात एका फेरीत मिळतं. पण पहिला खर्च वजनकाट्यावर करा. घरोघरच्या वाट्या वेगवेगळ्या असतात. ओटीजी, म्हणजे टेबलावर मावणारा विजेचा छोटा ओव्हन, घेण्याआधी स्वयंपाकघरातलं सॉकेट बघा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर १५००-२००० वॉटचा ओटीजी लावायचा नाही, त्याला जाड पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. जुन्या इमारतींत बऱ्याचदा ते एकच असतं आणि तिथे गीझर लावलेला असतो.

सुरुवातीला रवा केक करा. बारीक रवा २०० ग्रॅम, ताजं दही २०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर, दूध १०० मिलिलिटर, चिमूटभर मीठ आणि वेलचीपूड एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्या वेळात नव्या हाताच्या दहा-बारा ओळी होतात. मग ओटीजी १८० अंशांवर तापत ठेवा आणि ७ इंची भांड्याला तेल लावून तळाशी बटर पेपर घाला. मिश्रण इडलीच्या पिठाएवढं सैल हवं, घट्ट वाटलं तर चमचा-चमचा दूध घाला. एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा सगळ्यात शेवटी, चहाच्या गाळणीने चाळून घाला. हलवून लगेच भांडं आत. ३५ ते ४० मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. टोचलेली सुरी कोरडी निघाली की झालं.

केक खाली गच्च बसला तर दोन शक्यता. एक, सोडा घातल्यावर मिश्रण तसंच ठेवलं आणि वायू निघून गेला. दुसरी, बेकिंग पावडर मेलेली होती. पावसाळ्यात उघड्या डब्यातली पावडर ओल धरते. अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून बघा, फसफसून वर आली तरच वापरा. साबणासारखी चव लागली तर सोडा जास्त झाला किंवा त्याची गुठळी राहिली. वरून फुटून काळा आणि आत कच्चा, म्हणजे भांडं वरच्या कॉइलजवळ होतं किंवा ओटीजी दाखवतो त्याहून जास्त तापतो. एकदा ओव्हन थर्मामीटर आत ठेवून खात्री करून घ्या.

नानकटाईत मुंबईची हवा सगळ्यात जास्त नडते. मैदा १२० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, तूप ९० ग्रॅम हे प्रमाण चांगलं, पण उन्हाळ्यात तूप पातळ झालेलं असतं. पातळ तुपात मळलेले गोळे ट्रेमध्ये पसरून एकमेकांना चिकटतात. तूप फ्रिजमध्ये ठेवून श्रीखंडाइतकं दाट होऊ द्या, मगच साखरेबरोबर फेसा. वळलेले गोळे ट्रेसकट २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. बाहेर काढताना त्या मऊच असतात, गार झाल्यावर खुटखुटीत होतात. कच्च्या समजून पुन्हा आत ढकलू नका. पूर्ण गार झाल्यावरच डबाबंद करा, आणि पावसाळ्यात सादळल्या तर १३० अंशांवर पाचेक मिनिटं.

बिघडलेलं टाकून देऊ नका. मोडलेल्या केकवर गार कस्टर्ड आणि केळ्याच्या चकत्या घातल्या की डेझर्ट होतं, गच्च बसलेल्याचे काप तव्यावर थोड्या तुपात खरपूस भाजून चहाबरोबर छान लागतात. उसवलेला दोरा कुरळा होतो. त्याची खुर्चीच्या पाठीवर लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि खाली वजन लटकवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात त्याला दोन-तीन दिवस लागतील. पूर्ण वाळल्याशिवाय गुंडा करू नका, आतून कुबट वास धरतो.