बिल रीडची होडी नीट कशी बघायची

व्हँकुव्हर एअरपोर्टला कुणाला सोडायला गेलात तर अर्धा तास आधी पोचा, कारण इंटरनॅशनल डिपार्चर्सच्या हॉलमध्ये बिल रीड या शिल्पकाराने घडवलेली ती मोठी हिरवी होडी, म्हणजे होडीचं शिल्प आहे आणि ती घाईत बघायची गोष्टच नाही. नाव जेड कनू (जेड म्हणजे एक हिरवा दगड, कनू म्हणजे वल्ह्याची होडी) असलं तरी आहे ब्राँझचीच.

पहिलं काम, होडीभोवती पूर्ण चक्कर मारा. आत 13 जण आहेत, मोजा. सुकाणूवर रेव्हन म्हणजे कावळ्याच्याच कुळातला तो मोठा काळा पक्षी, त्याच्या शेपटीखाली उंदीरबाई लपलीये, ती बहुतेकांना दिसतच नाही. लांडग्याने गरुडाचा पंख चावलाय, गरुडाने अस्वलाचा पंजा, आणि मधोमध हातात काठी घेतलेला प्रमुख शांत उभा. सगळे भांडतायत पण होडी एकच, वल्हवायची सगळ्यांनी.

मग आयुष्य वाचा, आधी नको. बिल रीड 1920 मध्ये व्हिक्टोरियात जन्मला, आई हायडा (कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांवरचे मूळ रहिवासी), वडील गोरे, आणि आईने आपलं हायडापण घरात कधी फारसं बोलूनच दाखवलं नाही. हे कळायला 1862 ची देवीची साथ माहीत हवी, हजारोंनी असलेले हायडा 1900 च्या आसपास जेमतेम 600 उरले होते, वरून मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा. रीड आधी रेडिओवर निवेदक होता, दागिने घडवायला शिकला, आणि 1954 मध्ये आजोबांच्या अंत्यविधीला गेला तेव्हा चार्ल्स एडनशॉ या जुन्या कलाकाराने कोरलेली हातातली दोन कडी त्याने पाहिली, तिथून त्याची दिशाच बदलली. लिहायचाही सुंदर, या होडीवरही त्याचा एक लेख आहे, तो मिळवून वाचाच.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हेच शिल्प आधी काळ्या रंगात वॉशिंग्टनच्या कॅनडा दूतावासासाठी बनत होतं. हायडा ग्वाय या हायडांच्या बेटांवर जुनी जंगलं तोडली जात होती, 1985 मध्ये त्यातल्याच लायल बेटावर रस्ता अडवला म्हणून 72 हायडांना अटक झाली होती, आणि 1987 मध्ये रीडने चक्क काम थांबवलं. ज्या लोकांचं जंगल तोडता त्यांचीच कला दूतावासात मिरवायची, हे त्याला चालणार नव्हतं. त्याच वर्षी जुलैमध्ये ते जंगल वाचवायचा करार झाला, काम परत सुरू झालं आणि 1991 ला काळी होडी वॉशिंग्टनला लागली. हिरवी 1996 मध्ये आली. हे माहीत नसताना काढलेला फोटो आणि माहीत असताना काढलेला फोटो यात खूप फरक आहे खरंच.

वेळ असेल तर यूबीसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) मानववंशशास्त्र म्युझियममध्ये जा, तिथे रीडचंच दुसरं शिल्प, शिंपल्यातून बाहेर येणारी पहिली माणसं आणि वर बसलेला रेव्हन आहे, पिवळ्या सीडरच्या लाकडाचं, 1980 चं. त्यातल्या माणसांचे चेहरे एकेक करून बघा, कुणी घाबरलंय, कुणी उत्सुक आहे. रीडला तोवर पार्किन्सन्स होता, त्यामुळे कोरण्यात बरेच हात लागले, त्यातला एक गूजाव, जो पुढे हायडा नेशनचा, म्हणजे हायडांच्या शासनाचा अध्यक्ष झाला. ती नावंही वाचा.

आणि कुणाकडे 2004 च्या सिरीजची कॅनडाची जुनी कागदी 20 डॉलरची नोट असेल तर मागे ही दोन्ही शिल्पं आहेत, मुलांना ती दाखवून सुरुवात केली तरी चालेल.