सोलो सोडा, उजवा पाय ऐका

मी बेस गिटार वाजवते. त्यामुळे ड्रमर हा माझ्यासाठी नुसत्या कौतुकाचा विषय नाही. तो कुठे आहे हे कळलं नाही तर स्टेजवर माझं काही खरं नसतं.

माझ्या पहिल्या बँडमध्ये सात मात्रांचं एक गाणं होतं. तालमीत मी मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजत बसले, पाचाशी गडबडले आणि सगळ्यांच्या आधी एक मात्रा घुसले. मग गाणं जे कोसळलं ते कोसळलंच. आमचा ड्रमर नंतर शांतपणे म्हणाला, "मोजतेस कशाला? माझ्या उजव्या पायाकडे बघ ना." तेव्हापासून मी ड्रमर पायापासून वर ऐकते. प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) आणि जॅझ फ्यूजनमधले (जॅझ आणि रॉकची सरमिसळ) ज्यांची नावं फारशी घेतली जात नाहीत असे बरेच वादक मला याच वाटेने सापडले. ही वाट कुणालाही जमण्यासारखी आहे, वाजवता येत नसलं तरी.

पहिली अट: फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात किक ड्रम, म्हणजे उजव्या पायाने वाजतो तो मोठा ड्रम, जवळजवळ नाहीसाच होतो, उरते फक्त झांजांची चळचळ. मग माणूस म्हणतो, ड्रमर उगाच गोंगाट करतोय. साधे हेडफोनही चालतील. गाणं एकच घ्या आणि चार वेळा ऐका. एकदा फक्त किक. एकदा फक्त स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा, कडक आवाजाचा छोटा ड्रम. एकदा हाय-हॅट किंवा राइड, म्हणजे जिच्यावर हात सतत चालू असतो ती झांज. चौथ्यांदा काही शोधू नका, नुसतं ऐका. आधी सुटे ऐकलेले तीन आवाज तेव्हा एका माणसाचे वाटायला लागतात.

सुरुवात पिंक फ्लॉइडच्या 'मनी'पासून करा (१९७३). सात मात्रा आहेत, पण रूपक तालाची तीन-दोन-दोन अशी विभागणी इथे लावू नका, अडखळाल. बेसची ओळ तोंडाने गुणगुणा आणि तिच्यावर टेबल वाजवा. स्नेअर दोन, चार आणि सहाला पडतो. सातव्याला स्नेअर नाही, पुढच्या एकलाही नाही. चालता चालता पायरी आहे समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तशी ती ठेच तिथेच लागते. पुढे गिटारचा सोलो सुरू झाला की साताचे सरळ चार होतात आणि आपला पाय आपोआप सैलावतो. हे सगळं त्यांचा ड्रमर निक मेसन इतकं बिनबोभाट करतो की गाणं सातात आहे हे लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही. वेगावरून ड्रमरांच्या याद्या लावणाऱ्यांना मेसन कधी दिसत नाही, आणि माझं त्यांच्याशी भांडण आहे ते इथेच.

दुसरा धडा बिली कॉबमचा. 'स्पेक्ट्रम' (१९७३) या अल्बमवरचं 'स्ट्रेटस' लावा. सुरुवातीला बराच वेळ नुसतं वातावरण आहे, घाई करू नका. मग ली स्क्लारचा बेस येतो आणि एकच ओळ धरून बसतो, हलतच नाही. (बेसवादकांनी हे कान देऊन ऐकावं. न हलणं फार कठीण असतं.) त्याच्यावर कॉबम. ठसठशीत स्नेअर तर कुणालाही ऐकू येतो. तुम्ही त्या दोन ठोक्यांमधली जागा ऐका. तिथे स्नेअरवरच अगदी हलके, काठीने नुसतं टेकवल्यासारखे ठोके आहेत. त्यांना घोस्ट नोट्स म्हणतात. आवाज कमी करत गेलं की त्या आधी गायब होतात आणि ठेका एकदम लाकडी वाटायला लागतो. करून बघा. याच ठेक्याचा तुकडा मॅसिव्ह अटॅकने १९९१ साली 'सेफ फ्रॉम हार्म'मध्ये जसाच्या तसा वापरला.

कॉबमला कुणी कमी लेखत नाही, हे मान्य. पण त्याच्यानंतर महाविष्णू ऑर्केस्ट्रा या फ्यूजन बँडमध्ये आलेला नारद मायकेल वॉल्डन? आपल्याला नाव ऐकून हसू येतं, पण ते आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं आहे, या बँडचा गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनला 'महाविष्णू' दिलं तसंच. १९७५ च्या 'व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियाँड'मध्ये त्याला ऐका. कॉबम खाली दाबतो, वॉल्डन पुढे ढकलतो. तुलनेच्या ओझ्याखाली त्याचं वाजवणं झाकलं गेलं, आणि पुढे व्हिटनी ह्यूस्टनच्या गाण्यांचा निर्माता म्हणून नाव झाल्यावर तर ड्रमर वॉल्डन लोकांच्या लक्षातच राहिला नाही.

फिल कॉलिन्सचं तेच. १९८१ चं 'इन द एअर टुनाइट' आणि त्यातले ते धडाधड पडणारे ड्रम सगळ्यांना पाठ आहेत. ते बाजूला ठेवा आणि तो ज्या बँडचा ड्रमर होता त्या जेनेसिसच्या 'सपर्स रेडी'मधला (१९७२) नऊ मात्रांचा भाग काढा. खालचा ठेका तीन-दोन-चार असा चालतो, आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन त्या हिशोबाला जुमानत नाही, आपल्याच मापाने धावतो. इथे ऑर्गनच्या मागे गेलात की हरवलात. टाळीने तीन-दोन-चार धरून ठेवा, तोंडाने ऑर्गन गा. मला हे जमायला महिनाभर लागला. त्यानंतर त्याच्या दुसऱ्या बँडचा, ब्रँड एक्सचा, 'अनऑर्थोडॉक्स बिहेवियर' (१९७६) ऐका, म्हणजे हा माणूस फ्यूजनमध्ये किती मोकळा वाजवायचा ते कळेल.

इटलीच्या आर्ती ए मेस्तिएरी या बँडचा फुरिओ किरिको मात्र एका बैठकीत मला झेपत नाही. 'टिल्ट' (१९७४) मध्ये तो क्षणभरही हात टेकत नाही. दोन गाणी ऐकायची, चहाला उठायचं. याच्या उलट गाँग या बँडचा पिएर मोर्लेन. शिक्षण शास्त्रीय तालवाद्यांचं, त्यामुळे व्हायब्राफोनही (धातूच्या पट्ट्यांचं सुरेल तालवाद्य) वाजवायचा. 'गाझोझ' (१९७६) ऐकताना त्याचे ड्रमसुद्धा सुरात लावल्यासारखे वाटतात.

तबल्याचा कान असेल तर त्रिलोक गुर्टूकडे मागच्या दाराने जाता येतं. शोभा गुर्टूंचा हा मुलगा खाली गुडघ्यावर बसून वाजवतो. तबला आणि ड्रम एकाच घेऱ्यात, शेजारी पाण्याची बादली. झांज वाजवून पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. गुर्टू ज्यात होता त्या मॅकलॉफलिनच्या त्रिकुटाची रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली १९८९ ची मैफल ध्वनिमुद्रित आहे. त्यात आधी तोंडाने म्हटलेले बोल ऐका, मग तेच ड्रमवर कुठे उतरतात ते पकडा. बोल पाठ असला की ड्रम आपोआप सुटा ऐकू येतो.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. बिल ब्रुफर्डचा स्नेअर कडक, फटाक्यासारखा. यस या बँडच्या 'फ्रॅजाइल'मध्ये (१९७१) तो दोन ठोक्यांत ओळखू येतो, तिथेच कान लावून घ्या. मग तो पुढे ज्या बँडमध्ये गेला त्या किंग क्रिमसनचं 'ट्रायो' लावा, 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' (१९७४) मधलं. मंचावर सुचेल तसं वाजवलेलं आहे: व्हायोलिन, बेस, मेलोट्रॉन (फितीवर मुद्रित केलेले सूर वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य). ब्रुफर्ड तिथेच बसलेला होता, काठ्या छातीशी आडव्या धरून. एकही ठोका त्याने दिला नाही. आणि रचनाकारांत इतरांच्या बरोबरीने त्याचंही नाव आहे, कारण त्याचं न वाजवणं हाच त्याचा वाटा, असं बाकीच्यांना वाटलं.

पाचेक मिनिटांचं आहे. ऐकताना आपण कुठे घुसलो असतो ते कागदावर मिनिट-सेकंदासकट लिहा. माझ्या कागदावर पहिल्या वेळी अकरा जागा होत्या.