पायथन बसवलेले आहे, तरीही प्रोग्राम चालत नाही: आवृत्ती आणि सेटिंगच्या अडचणी कशा शोधाव्यात

कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज चालेनासा होतो, किंवा मित्राच्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारा प्रोग्राम आपल्याकडे पहिल्याच ओळीला थांबतो. अशा वेळी बहुतेक जण पायथन, म्हणजे त्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड चालवणारा प्रोग्राम, काढून टाकतात, पुन्हा बसवतात, तेवढ्याने भागले नाही तर आणखी एक आवृत्ती बसवतात, आणि तासाभराने संगणकावर तीन पायथन झालेले असतात. मूळ अडचण मात्र तशीच राहते. नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्या अनेकांच्या शेजारी बसून मी हे पाहिले आहे, आणि दोष त्यांच्या कोडमध्ये नसताना ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे त्यांना वाटू लागते याचे मला मनापासून वाईट वाटते. या अडचणींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: आपण ज्या पायथनशी बोलत आहोत असे आपल्याला वाटते, तो पायथन उत्तर देतच नसतो. म्हणून काहीही बदलण्याआधी उत्तर कोण देत आहे हे संगणकालाच विचारावे.

हा लेख पायथनच्या उदाहरणाने लिहिला आहे. कमांडची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करावीत. ‘डॅश’ म्हणजे आडव्या रेघेचे आणि ‘डॉट’ म्हणजे टिंबाचे चिन्ह.

पहिली पायरी: त्रुटिसंदेश पूर्ण वाचावा

पायथनचा त्रुटिसंदेश लांबलचक असला तरी सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची असते, म्हणून तो खालून वर वाचावा. संपूर्ण संदेश एका फाइलमध्ये उतरवून ठेवावा. पुढे एखादा बदल केल्यावर संदेश तोच राहिला की वेगळा झाला, हे त्यामुळे तपासता येते. संदेश वेगळा झाला असेल, तर आपण बहुधा एक अडथळा ओलांडला आहे. वरच्या ओळींमध्ये फाइलींचे पूर्ण पत्ते असतात. त्या पत्त्यांत आपल्या प्रकल्पाऐवजी भलत्याच फोल्डरचे नाव दिसले, तर निम्मा शोध तिथेच संपतो.

दुसरी पायरी: कोणता पायथन चालतो आहे ते पाहावे

आपण टर्मिनलमध्ये ‘पायथन’ लिहितो तेव्हा संगणक ‘पाथ’ नावाच्या यादीतील फोल्डर एकामागून एक, लिहिलेल्या क्रमाने तपासतो आणि जिथे त्या नावाचा प्रोग्राम पहिल्यांदा सापडेल तो चालवतो. त्यापुढे कितीही नवी आवृत्ती असली तरी तिच्याकडे तो पाहत नाही. त्यामुळे नवीन पायथन बसवूनही जुनाच क्रमांक दिसत राहणे यात विचित्र असे काही नाही. यादीत जुने फोल्डर आधी आहे इतकेच.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर पायथन’ ही कमांड द्यावी. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘व्हेअर’ या शब्दाला वेगळा अर्थ असल्याने तिथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई पायथन’ असे लिहावे लागते. मॅक आणि लिनक्सवर ‘टाइप’ या कमांडपुढे ‘डॅश ए’ आणि ‘पायथन३’ लिहावे. सापडलेले सर्व पत्ते क्रमाने दिसतात; त्यांतला पहिला तो चालणारा. विंडोजवर पहिल्या पत्त्यात ‘विंडोजअ‍ॅप्स’ असा शब्द असेल आणि कमांड दिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर तो पायथन नसून स्टोअरकडे नेणारी केवळ एक पाटी आहे. सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप एक्झिक्यूशन अलायसेस’ या पानावर जाऊन ती बंद करता येते.

याहूनही खात्रीचा मार्ग म्हणजे खुद्द पायथनलाच विचारणे. जिथे प्रोग्राम अडतो आहे तिथेच, म्हणजे त्याच फाइलच्या सुरुवातीला, ‘सिस’ हे मॉड्यूल (तयार कोडची फाइल) आयात करून ‘सिस डॉट एक्झिक्यूटेबल’ छापावे. टर्मिनलमध्ये एक पत्ता, एडिटरमध्ये (कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये) दुसरा आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये (कोड तुकड्या-तुकड्यांनी चालवण्याच्या साधनात) तिसरा, असे उत्तर मिळणे अगदी शक्य आहे. तसे असेल तर टर्मिनलमध्ये बसवलेले पॅकेज (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचा संच) नोटबुकला का सापडत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आवृत्तीचा क्रमांक वाचताना एक चूक वारंवार होते. ३.१० ही ३.९ नंतरची आवृत्ती आहे. हा दशांश अपूर्णांक नाही. ही गफलत संगणकाचीही होते. याम्ल प्रकारच्या सेटिंग-फाइलमध्ये ३.१० हे अवतरणचिन्हांशिवाय लिहिले, तर ते संख्या म्हणून वाचले जाते, शेवटचे शून्य गळते आणि ३.१ उरते.

तिसरी पायरी: पिप कोणासाठी काम करते ते पाहावे

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ हा संदेश दिसला की आपण पिप या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने ‘पिप इन्स्टॉल’ करतो. पिप सांगते की पॅकेज आधीच बसवलेले आहे. प्रोग्राम पुन्हा म्हणतो की सापडत नाही. दोघेही खरे बोलत असतात. पिप एका पायथनच्या घरात सामान ठेवते आणि प्रोग्राम दुसऱ्याच्या घरात शोधतो. ‘पिप’ या कमांडपुढे दोन डॅश आणि ‘व्हर्जन’ लिहिले, तर ती कोणत्या पायथनशी जोडलेली आहे त्याचा पत्ता दिसतो. दुसऱ्या पायरीत मिळालेल्या पत्त्याशी तो ताडून पाहावा.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो कायमची सवय म्हणून लावून घ्यावा. नुसते ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल’ असे लिहावे. मग जो पायथन चालतो आहे, त्याच्याच घरात पॅकेज जाते. नोटबुकच्या आत असताना ‘पिप’च्या आधी टक्क्याचे चिन्ह लावून तीच कमांड दिली की तोच परिणाम साधतो.

येथे एक छोटी पण फार छळणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ‘रँडम’ हे मॉड्यूल शिकताना आपणच आपल्या फाइलला ‘रँडम डॉट पीवाय’ असे नाव दिले, तर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी आपलीच फाइल उचलतो, कारण चालवलेल्या फाइलचे फोल्डर तो सर्वांत आधी पाहतो. मॉड्यूल सापडते, पण त्यातले फंक्शन नाही असा संदेश येतो. शंका आल्यास मॉड्यूलच्या नावापुढे ‘डॉट’ आणि दोन-दोन अधोरेषांमध्ये ‘फाइल’ लिहून छापावे. पत्ता आपल्याच फोल्डरचा निघाला, तर फाइलचे नाव बदलावे.

चौथी पायरी: प्रकल्पासाठी स्वतंत्र जागा करावी

येथपर्यंत आपण केवळ पाहत होतो. आता बदल करायचा, आणि तो मूळ पायथनला हात न लावता. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘पायथन डॅश एम व्हेन्व्ह डॉट-व्हेन्व्ह’ ही कमांड (‘व्हेन्व्ह’ची अक्षरे व्ही-ई-एन-व्ही) दिली की त्या प्रकल्पापुरते वेगळे आभासी वातावरण, म्हणजे पॅकेजे ठेवण्याची स्वतंत्र जागा, तयार होते. २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून ही सोय पायथनसोबतच मिळते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर मात्र त्यासाठी ‘पायथन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज आधी बसवावे लागू शकते.

ते वातावरण सुरू करताना विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘या संगणकावर स्क्रिप्ट चालवण्यास मनाई आहे’ अशा अर्थाचा संदेश अनेकांना दिसतो. तो सुरक्षेचा नियम आहे, बिघाड नव्हे. साध्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘अ‍ॅक्टिव्हेट’ चालवले की अडचण येत नाही. पॉवरशेलच हवा असेल, तर स्क्रिप्ट चालवण्याचे धोरण फक्त स्वतःच्या खात्यापुरते ‘रिमोटसाइन्ड’ करावे, सगळ्या संगणकासाठी नियम सैल करू नयेत.

आभासी वातावरणाचे फोल्डर दुसरीकडे हलवू नये आणि पेनड्राइव्हवरून मित्राला देऊ नये, कारण त्यातल्या फाइलींमध्ये मूळ जागेचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ते मोडले तर दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा पुसून नवे करावे. आपला कोड त्याच्या बाहेर असल्याने त्यात काहीही गमावत नाही.

डेबियन १२ पासून आणि अलीकडच्या उबुंटूवर थेट पिप वापरल्यास ‘हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे’ अशा आशयाची त्रुटी येते. त्यावर नियम मोडून पुढे जाण्याचा एक पर्याय सुचवला जातो, ज्याच्या नावातच ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ असे शब्द आहेत. तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिनक्सची स्वतःची अनेक साधने त्याच पायथनवर चालतात, आणि त्याच कारणाने तो पायथन काढून टाकण्याचाही प्रयत्न करू नये.

पाचवी पायरी: आवृत्त्या एकमेकींशी जुळतात का ते तपासावे

पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येते आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण ५ वर्षे आधार, म्हणजे दुरुस्त्या, मिळतो. नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी सर्व पॅकेजे तिच्यासाठी तयार होतात असे नाही. तयार पॅकेज न मिळाल्यास पिप ते मूळ कोडपासून घडवण्याचा प्रयत्न करते आणि विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० हवे’ असा संदेश येतो. तो वाचून लोक काही जीबींचे साहित्य उतरवू लागतात. त्याआधी एक आवृत्ती मागचा पायथन घेऊन, त्यावर नवे आभासी वातावरण करून पाहावे. बहुतेक वेळा काम तेवढ्यावर होते.

जुना कोड नव्या पायथनवर चालवतानाचे काही संदेश ओळखून ठेवण्यासारखे आहेत. ‘डिस्टयुटिल्स’ (पॅकेजे बनवण्याचा पायथनचा जुना भाग) सापडत नाही असे आले, तर कारण असे की २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीत तो भाग काढून टाकला गेला. ‘सेटअपटूल्स’ हे पॅकेज बसवल्यास पुष्कळदा भागते. नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या १.x वर बांधलेले मॉड्यूल २.x वर चालणार नाही अशी तक्रार आली, तर जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० ने जुनी जुळणी मोडली आहे हे लक्षात घ्यावे, आणि संबंधित पॅकेज अद्ययावत करावे किंवा नमपाय २ पेक्षा खालची ठेवावी. ‘प्रिंट’पुढे कंस नाहीत म्हणून त्रुटी आली, तर तो कोड पायथन २ चा आहे, ज्याचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. ‘पायथन डॅश एम पिप चेक’ ही कमांड बसवलेल्या पॅकेजांतील परस्परविरोधी मागण्या सांगते. ती फार थोडे जण वापरतात.

जावा ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांसाठीही एक उपयुक्त गणित आहे. ‘क्लास फाइल व्हर्जन ६१.०’ आहे, पण येथे ‘५५.०’ पर्यंतच चालते, असा संदेश आल्यास दोन्ही आकड्यांतून ४४ वजा करावेत. कोड जावा १७ साठी तयार झाला आहे आणि चालवणारा जावा ११ आहे, हे लगेच कळते.

सहावी पायरी: सेटिंग खरोखर पोहोचले का ते पाहावे

पाथमध्ये किंवा अन्य पर्यावरण-चलात (संगणक प्रोग्रामना पुरवतो त्या सेटिंगच्या नोंदीत) केलेला बदल आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलला कळत नाही, कारण ती यादी प्रोग्राम सुरू होतानाच त्याच्या हाती दिली जाते. एडिटरच्या आतले टर्मिनल तर एडिटरकडून यादी घेते. म्हणून केवळ टर्मिनल नव्हे, संपूर्ण एडिटर बंद करून उघडावा. विंडोजवर पाथ बदलण्यासाठी ‘सेटएक्स’ ही कमांड सुचवली गेली, तरी ती टाळावी. ती १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते, आणि लांब पाथचा शेवट गमावल्याचे पुष्कळ उशिरा लक्षात येते. ‘एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स’ची, म्हणजे पर्यावरण-चलांची, खिडकी उघडून तिथे नवी ओळ जोडावी, आणि त्याआधी जुनी यादी कुठेतरी उतरवून ठेवावी.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना विंडोजवर आणखी एक अडचण येते. इंग्रजी विंडोजवर पायथन साधी मजकूर-फाइल उघडताना यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या अक्षर-संकेताऐवजी सहसा १२५२ क्रमांकाचा जुना अक्षरतक्ता वापरतो. फाइलमध्ये ‘नाशिक’ असेल, तर त्रुटी येत नाही, फक्त निरर्थक चिन्हे दिसतात. ‘पुणे’ असेल, तर मात्र ‘चारमॅप’ असा शब्द असलेली त्रुटी येऊन प्रोग्राम थांबतो. याचे कारण ह्रस्व उकारात आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि ह्रस्व उकाराच्या तिसऱ्या बाइटची जागा त्या जुन्या तक्त्यात रिकामी आहे. जोडाक्षरातील हलन्त, तसेच ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’ यांचेही तसेच होते. त्यामुळे पन्नास ओळी नीट जातात आणि एक्कावन्नावी अडते, आणि दोष त्या ओळीतल्या माहितीत आहे असा समज होतो. ‘ओपन’ या फंक्शनला ‘एन्कोडिंग’ म्हणून यूटीएफ-८ स्पष्टपणे द्यावे. पायथनने ३.१५ पासून, वेगळे काही सांगितले नाही तर, हाच संकेत वापरण्याचे ठरवले आहे, तरीही जुन्या आवृत्त्यांसाठी तो लिहिणे योग्य.

सर्व पायऱ्यांमध्ये एक शिस्त पाळावी: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच प्रोग्राम पुन्हा चालवणे. तीन गोष्टी एकदम बदलून प्रोग्राम चालू लागला, तर कोणत्या बदलाने चालला हे कळत नाही आणि पुढच्या खेपेस पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रोग्राम चालू लागला की ‘पायथन डॅश एम पिप फ्रीझ’ने बसवलेल्या पॅकेजांची यादी आवृत्त्यांसह ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या फाइलमध्ये साठवावी. त्या यादीत खुद्द पायथनचा क्रमांक येत नाही. तो प्रकल्पाच्या माहितीफाइलमध्ये वेगळा लिहावा. मग डॉट-व्हेन्व्ह हे फोल्डर पुसावे, त्या क्रमांकाच्या पायथनने ते नव्याने करावे, यादीवरून पॅकेजे बसवावीत आणि प्रोग्राम चालवून पाहावा. या खेपेस एखादे पॅकेज सापडले नाही, तर ते यादीत राहून गेले आहे. ते जोडून हीच तपासणी पुन्हा करावी.