सायलोवरचा बेंड सारखा फुटतोय? पॅच मारण्याआधी या चुका टाळा

ठाणे-बेलापूर रोडवर रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात कुठल्याही आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर जा, मेंटेनन्सच्या माणसाकडून हे वाक्य ऐकायला मिळतं: "साहेब, वरचा बेंड परत गेला." म्हणजे सायलोत (सिमेंट किंवा राख साठवायच्या उंच कोठीत) माल नेणाऱ्या पाइपाचं वरचं वळण झिजून फुटलं. मग वेल्डर सायलोवर चढतो, भोकावर प्लेटची चकती बसवतो आणि थोड्याच दिवसांत त्या चकतीच्या कडेनं राख फुसफुसायला लागते. ही राख खाली काम करणाऱ्यांच्या छातीत जाते. त्यामुळे "चालतंय तोवर चालू दे" हे धोरण मला अजिबात मान्य नाही.

बेंडला दोष, वेगाला माफी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हवेच्या जोरावर सिमेंट किंवा फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) वाहून नेताना होणारी झीज वेगाच्या साधारण अडीच ते तीन घातानं वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की झीज साडेपाच ते आठ पट. त्यात फ्लाय अ‍ॅशमधले क्वार्ट्झचे कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात.

आता टोकाचाच बेंड आधी का जातो ते बघा. बल्करच्या (माल आणणाऱ्या टँकरच्या) टाकीत गेजवर १ बार दाब असेल आणि सायलोत जवळपास वातावरणाचाच दाब असेल, तर लाइनभर हवा प्रसरण पावत जाते. पाइपाचा व्यास तोच, म्हणून खाली सेकंदाला १५ मीटर असलेला वेग वर पोचेपर्यंत ३० मीटर होतो. ड्रायव्हरला लवकर निघायचं असतं, तो दाब २ बारवर नेतो, की टोकाचा वेग खालच्या वेगाच्या तिप्पट. बेंड बिचारा तोच असतो.

यावर बहुतेक जण जाड पाइप घालतात. हिशोब करून बघा. ४ इंची पाइपाची जाडी शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे जाडीचा ठरलेला वर्ग) मध्ये ६.०२ मिमी, शेड्यूल ८० मध्ये ८.५६ मिमी. आयुष्य वाढलं साधारण ४० टक्के. तेच वेग २० टक्क्यांनी कमी केला तर आयुष्य पावणेदोन ते दोन पट होतं, तेही नवा पाइप न घेता. जाड पाइपावर भिस्त ठेवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लांब लाइन असेल तर शेवटचा टप्पा मोठ्या व्यासाचा करा, टोकाचा वेग आपोआप उतरतो. मात्र वेग वाटेल तितका खाली आणू नका. विरळ प्रवाहात (हवा जास्त, माल कमी) ही पावडर उचलायला सुरुवातीला सेकंदाला साधारण १३ ते १५ मीटर लागतातच, नाहीतर लाइन चोक होईल. व्यास वाढवतानाही त्या जागी वेग याच्या खाली जात नाही ना, हे तपासा.

बल्करची टाकी रिकामी होतानाची शेवटची मिनिटं

याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. माल संपत आला की लाइनमधला अडथळा संपतो आणि टाकीत साठलेली हवा एकदम सुटते. कण थोडे, पण वेग प्रचंड. लाइनचा आवाजही बदलतो, जड घरघर जाऊन शिट्टीसारखा होतो. त्याच वेळी सायलोवरचा फिल्टरही कोंडतो. आवाज बदलला की डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करून उरलेला दाब टाकीच्या व्हेंटमधून हळूहळू सोडायला लावा. अनलोडिंगच्या जागी मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत तसा फलक लावा आणि ड्रायव्हरशी प्रत्यक्ष बोला. खर्च जवळजवळ शून्य.

"लाँग बेंड टाका, टिकेल"

साध्या एमएस (माइल्ड स्टील) पाइपात हा भरवसा फसवा आहे. पोलादासारखा लवचीक धातू २० ते ३० अंशांच्या तिरक्या माऱ्यात सर्वांत जास्त झिजतो. बेंडची त्रिज्या व्यासाच्या पाचपट घेतली, तर पाइपाच्या मध्यातून येणारा कण बाहेरच्या भिंतीवर बरोबर २५ अंशांच्या आसपास आदळतो. अल्युमिना किंवा कास्ट बेसॉल्टचं अस्तर याच्या उलट: सरळ माऱ्याला नाजूक, तिरक्या माऱ्याला भक्कम. लांब बेंड घ्यायचाच असेल तर अस्तराचा घ्या, त्याच्या वजनाला वेगळा सपोर्ट द्या आणि प्रवाहाच्या बाणाप्रमाणेच बसवा.

माझ्या मते लहान प्लांटला ब्लाइंड टी (एक तोंड बंद असलेला T आकाराचा जोड) हा सर्वांत व्यवहारी उपाय. बंद तोंडात माल साचतो आणि येणारा कण भिंतीवर न आदळता त्या मालावर आदळतो. दाब थोडा जास्त लागतो. पावसाळ्यात मात्र जपा: कपलिंगचं तोंड उघडं राहिलं किंवा कॉम्प्रेसरची हवा ओली असली, की त्या खिशात सिमेंट धरून बसतं. तोंडावर झाकण आणि कॉम्प्रेसरचा ड्रेन (पाणी काढायचा नळ) रोज बघायला एक ठरावीक माणूस हवा.

पॅचचं दुखणं पुढे सरकतं

भोक पडल्यावर बाहेरून चकती बसवली, तरी आत खड्डा तसाच राहतो. प्रवाह तिथे भोवरा खातो, कण परत उसळतात आणि मारा समोरच्या भिंतीवर किंवा पुढच्या सरळ पाइपावर जातो. म्हणून बेंड बदलताना पुढचा मीटरभर पाइपही तपासा. आत डोकावणारं गॅस्केट आणि न जुळलेला फ्लँज (पाइप जोडायची बोल्टची कडी) हेच काम गुपचूप करतात.

जाडी मोजताना

खाडीकाठच्या दमट हवेत पाइप बाहेरून गंजतो, म्हणून दरवर्षी रंग होतो आणि सगळं ठणठणीत दिसतं. रंग खरवडा, जेल लावा आणि अल्ट्रासॉनिक जाडी-गेजचा प्रोब बेंडच्या बाहेरच्या वळणावर ओळीनं फिरवा, फक्त मधल्या एका बिंदूवर नाही. एक धोका लक्षात ठेवा: भिंत मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ झाली, की साधं गेज कधी कधी दुप्पट आकडा दाखवतं. शेजारी २.५, २.० आणि मध्येच अचानक २.४ दिसलं, तर आनंद मानू नका, तिथे १.२ असू शकतं. चालू लाइनवर हातोडी मारून "आवाज बघणं" तर बंदच करा. जुना आणि नवा आकडा यांतला फरक महिन्यांनी भागला की झिजण्याचा दर मिळतो, त्यावरून बदलण्याची तारीख ठरते. बेंड त्या तारखेच्या आधी मागवून ठेवा आणि बदलताना फ्लँजचा पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वी लाइनचं प्रेशर गेज शून्यावर आहे आणि बल्करचं कपलिंग सुटलेलं आहे, हे स्वतः बघा.