पुरंदरच्या अंजिरांचे कमी ग्लायसेमिक मफिन

मधुमेही माणसासाठी मफिन करायचे म्हटले की साखरेऐवजी गूळ आणि मैद्याऐवजी कणीक घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ग्लायसेमिक निर्देशांक म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो याचे माप. त्याच्या दृष्टीने या अदलाबदलीने फारसे साधत नाही, कारण गुळात बहुतांश साखरच असते आणि गिरणीत बारीक दळलेल्या कणकेतला स्टार्चही लवकर पचतो. निर्देशांक ५५ किंवा त्याहून कमी असेल तरच पदार्थ कमी निर्देशांकाचा मानतात. त्यामुळे आधी पिठाकडे पाहावे, फळाकडे नंतर.

आठ मफिनसाठी १०० ग्रॅम बदामाची पूड, ५० ग्रॅम बेसन आणि ५० ग्रॅम जाडे ओट्स घ्यावेत. झटपट शिजणारे ओट्स टाळावेत. जाडे ओट्स मिक्सरमध्ये रवाळच ठेवावेत, कारण कण जितका बारीक तितके पचन वेगाने होते. बेसन मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत कोरडे भाजून पूर्ण गार करावे. ही पायरी गाळल्यास मफिनला पिठल्याची चव येते. त्यात एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि थोडी दालचिनी मिसळावी.

पुरंदरची अंजिरे हंगामात मंडईत सहज मिळतात. पिकलेली पण घट्ट अशी चार निवडून त्यांच्या फोडी कराव्यात. फुटलेल्या फळाचा रस सुटून मफिन आतून ओले राहतात. एक सफरचंद सालासकट किसावे. गोडवा एवढाच असल्याने पुण्याच्या कॅम्पातल्या बेकरीतल्या मावा केकची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल, हे वाढण्यापूर्वीच सांगून टाकलेले बरे.

दोन अंडी, १०० ग्रॅम घट्ट दही आणि तीन मोठे चमचे तेल फेटून त्यात कोरडे मिश्रण व फळे हलक्या हाताने कालवावीत आणि लगेच साच्यांत भरावे. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला साधारण २५ मिनिटे भाजावे. बदामामुळे वरचा भाग लवकर करपतो, तेव्हा गरज पडल्यास वर फॉइल ठेवावी. टोचलेली काडी कोरडी निघाली की मफिन तयार समजावेत.

एका वेळी एकच खावा, तोही साखरेच्या चहासोबत नव्हे. आपल्याला तो कितपत मानवतो हे दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहावे. ताज्या फळांमुळे हे मफिन बाहेर टिकत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत.